‘आधी आजची तारीख लावा’ : कुंदाताई गावंडे

कुंदाताई गावंडे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अमरावतीच्या एका महाविद्यालयात ‘फुकटाची चटक’ या विषयावर माझे व्याख्यान होते. त्या काळी मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत असे आणि मिळेल त्या व्यासपीठावर बोलत असे. त्या दिवशी मी चांगलाच तापलो होतो. जो समाज श्रमाची किंमत देत नाही, तो श्रम करणाऱ्याला जिवंत गाडतो, असे मी गरजलो. टाळ्या पडल्या. सभा सुटली तेव्हा काखेत हेल्मेट धरलेल्या एक बाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बोलता बरं तुमी,” त्या म्हणाल्या. “पण ज्याले फुकट पायजे, तो तुमचं ऐकाले येते कशाले?”

मी म्हणालो, “ताई, आजच्या सभेलाही प्रवेश फुकटच होता.”

“म्हणूनच विचारते. मी एक वस्तू केली हाय. लोकाइले आवडते, रोज वापरतात, पैसे कोणी देत नाही. तुमच्या या भाषणानं एकानं तरी खिशात हात घातला, तर मी मानलं. चला माह्यासोबत, फिरा आठ दिवस.”

मी गेलो. आठ दिवसांचे बोलणे होते. त्यानंतर तासिका सुटल्या आणि मी त्यांच्याच कंपनीत राहिलो. कुंदाताईंच्या एकसष्टीच्या या ग्रंथात त्यांच्या पदव्या, त्यांचे पुरस्कार, त्यांनी शिकवलेले विद्यार्थी यांच्याबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी एका प्रसंगाबद्दल लिहिणार आहे. तो मी जवळून पाहिला आहे, आणि त्यावरून ताईंचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी वस्तूबद्दल सांगतो. ताई तंत्रनिकेतनात गणित शिकवत. त्यांचे यजमान वसंतराव यांचे अकोल्याला जठारपेठेत औषधांचे दुकान होते. महिनाअखेरीच्या रविवारी दुकानातली खोकी घरी येत, आणि घरातली सगळी माणसे चटईवर गोळ्यांच्या पट्ट्या मांडून बसत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली मुदत वाचायची, संपत आलेला माल वेगळा काढायचा, तो वेळेत ठोक विक्रेत्याकडे परत पाठवायचा. एखादी पट्टी नजरेतून सुटली तर दुकानदाराचे नुकसान होते, आणि तीच पट्टी गिऱ्हाइकाच्या हाती गेली तर त्याहून वाईट होते. सासूबाईंना चष्म्यातूनही ती अक्षरे दिसत नाहीत, हे पाहून ताईंनी घरच्या संगणकावर एक सॉफ्टवेअर लिहिले. कोणत्या कपाटात काय आहे, त्यातले काय या महिन्यात संपते आहे, हे ते एका यादीत सांगे. नाव साधेच होते, ‘औषधसाठा’. सगळे मराठीत होते. शेजारच्या दुकानदाराने मागितले, त्याच्या साडूने मागितले, आणि नोकरी सोडून ताईंनी अमरावतीला राजापेठेत जिन्यावरच्या दोन खोल्यांत कंपनी काढली.

सुरुवातीला सॉफ्टवेअरला कुलूप नव्हते. वापरा, पटले तर पैसे द्या. मी ताईंच्या स्कूटरवर मागे बसून अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर अशी गावोगावची दुकाने पालथी घातली. सगळीकडे एकच स्वागत व्हायचे. “ताई, तुमचं सॉफ्टवेअर म्हंजे एक नंबर! चहा घ्या.” चहा यायचा, पैसे यायचे नाहीत. शेवटी ताईंनी स्वतःच ठरवले, की दोन महिने मोफत वापरू द्यायचे आणि नंतर पडदा बंद करायचा. पैसे भरणाऱ्याला किल्लीचा आकडा द्यायचा. मी म्हणालो, हे आधीच व्हायला हवे होते. आजही म्हणतो.

कुलूप लागले आणि किल्ल्या विकल्या जाऊ लागल्या. पण त्या कुलपाला एक फट होती, आणि ती ताईंनी जाणूनबुजून ठेवली होती. दोन महिने संपले की नाही, हे सॉफ्टवेअर संगणकाच्या तारखेवरून ओळखत असे. संगणकाची तारीख कोणी मागे नेली तर? आमच्याकडे स्वाती तायडे नावाची हुशार प्रोग्रॅमर होती. पुण्याची नोकरी सोडून ती आई-वडिलांजवळ राहण्यासाठी अमरावतीला परतली होती. तिने एक उपाय सुचवला. तारीख मागे गेलेली दिसली की सॉफ्टवेअरने कायमचे बंद पडावे. ताईंनी नकार दिला.

“खेड्यातले कॉम्प्युटर पाह्यले का तू?” त्या म्हणाल्या. “आतली बॅटरी मेलेली असते. लाइट गेली का तारीख आपोआप कितीतरी वर्षं मागं जाते. त्यानं काहीच केलं नाही अन् आपण त्याले चोर ठरवायचं? एखादा चोर सुटला तरी चालेल.”

लक्षात घ्या, हे वाक्य बोलताना त्यांनी स्वतःचे नुकसान मान्य केले होते. त्या फटीतून दुसऱ्या कोणाचे नुकसान होईल, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच दिसले नव्हते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा नुकता लागला होता. नागपूरच्या एका मोठ्या वितरकाशी आमचा करार ठरत आला होता. तो आमचे सॉफ्टवेअर विदर्भभर नेणार होता. त्या करारावर कंपनी टिकणार की बुडणार हे ठरणार होते, कारण ताईंचे राहते घर बँकेकडे गहाण होते आणि पगार कसेबसे होत होते. अशात एका सकाळी परतवाड्याहून फोन आला. फोनवर अशोकभाऊ म्हणून एक दुकानदार होते. त्यांचे नाव आमच्या गिऱ्हाइकांत नव्हते. ताईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“ताई, तुमचं सॉफ्टवेअर चुकून रायलं,” अशोकभाऊ तावातावाने बोलत होते. “एक्स्पायरीची यादी कोरी दाखवते, अन् मले कपाटात मुदत गेलेला माल सापडला!”

मी हाताने खूण करत होतो, की आधी किल्लीचा आकडा विचारा. ताईंनी माझ्याकडे पाहिलेच नाही.

“पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख कोणती आहे, भाऊ?”

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. “थे... थे जरा मागं केली हाय.”

“किती मागं?”

“मागच्या पोळ्याच्या आधीची हाय, ताई. दोन महिने झाले का बंद पडते नं, म्हून मंग मागं घेतो. बिलं हातानं फाडतो, कॉम्प्युटर फक्त साठ्यासाठी. मी एकटाच नाई करत. ग्रुपवर आलं होतं, कसं करायचं थे. सारेच करतात.”

अशोकभाऊंच्या पडद्यावर अजून मागच्या वर्षीचा पोळा यायचा होता. त्यानंतर ज्या ज्या औषधाची मुदत संपली, ते त्यांच्या यादीत अजून ताजे होते. आणि ही युक्ती दुकानदारांच्या ग्रुपवर फिरत होती. कोणत्या दुकानात, किती दुकानांत, आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, कारण मोफत वापरणाऱ्याचे नावच आम्ही विचारत नव्हतो.

माझ्या अंगाची लाही झाली. “एवढ्याशा पैशासाठी?” मी फोनवरच ओरडलो. “लोकांच्या जिवाशी खेळता?”

“तुमी कोण बोलून रायले?” अशोकभाऊही तडकले. “मी आपणहून फोन केला, नाई तं तुमाले काय कळलं असतं!”

ताईंनी मला हाताने थांबवले. “भाऊ, त्यातला कोणता माल विकला गेला, आठवते का?”

ते म्हणाले, “फेफऱ्याच्या गोळ्या. एक बाई येते पहाडातून, पोरीसाठी. थे एकच पट्टी गेली त्या बॅचची.”

मुदत संपलेली गोळी लगेच विष होते असे नाही. पण तिच्यातला जोर किती उरला आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ज्या मुलीला फेफरे येते, तिच्या आईला हा जुगार परवडत नाही. ताईंनी ओढणीसारखा पदर डोक्याला गुंडाळला आणि आम्ही परतवाड्याची बस धरली. दुकानात पोचताच अशोकभाऊंनी नव्या मुदतीची पट्टी खिशात टाकली, शटर अर्धे ओढले, आणि आम्ही तिघे मेळघाटच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये कोंबून बसलो. वाटेत अशोकभाऊ एवढेच पुटपुटले, “काई झालं असन तं मी काय करू?” ताई म्हणाल्या, “आधी पोचू.”

घर सापडले. मुलगी अंगणात शेळीच्या पिल्लामागे धावत होती. तिला धावताना पाहून अशोकभाऊ कुडाला टेकून खालीच बसले. आईने पट्टी आणून दिली. अर्धी संपली होती. ताईंनी नवी पट्टी तिच्या हातात ठेवली, जुनी आपल्या पिशवीत टाकली, आणि मुलीला उद्याच दवाखान्यात दाखवून घ्या म्हणून सांगितले. बाई घाबरून आमच्याकडे पाहत होती. तीन माणसे शहरातून आली होती आणि तिची गोळी परत घेत होती. तिला वाटले, आपलेच काही चुकले.

“पैसे तं देल्ले होते म्या,” ती म्हणाली. “पुरे देल्ले. इचारा भाऊले. उधारी नाई ठेवली.”

मित्रहो, मी आयुष्यभर व्यासपीठांवर फुकटाच्या चटकेबद्दल बोललो आहे, पण त्या अंगणात हिशेब वेगळाच निघाला. दुकानदाराने सॉफ्टवेअर फुकट वापरले. आम्ही त्याला फुकट वापरू दिले. या सगळ्या साखळीत पुरे पैसे फक्त तिने मोजले होते, आणि मुदत गेलेला माल तिच्याच पदरात पडला होता. तिला कोणी दोन महिने गोळी वापरून पाहा, मग पैसे द्या, असे म्हटले नव्हते.

परतीच्या जीपमध्ये ताई म्हणाल्या, “कुलूप काढायचं.”

दुसऱ्या दिवशी राजापेठेतल्या त्या दोन खोल्यांत जे झाले, ते मी अजून विसरलेलो नाही. ताईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितले, की कुलूप पूर्ण काढून नवी आवृत्ती करायची, ती सगळ्यांना द्यायची, आणि औषध विक्रेत्यांच्या सभेत उभे राहून हा सगळा प्रकार जाहीर सांगायचा. ती सभा पुढच्याच रविवारी अकोल्याला होती.

स्वाती उठून उभी राहिली. “ताई, जाहीर सांगितलं की नागपूरवाले सही करतील का?”

“नाही करणार.”

“मग पगार कुठून होणार? मी पुण्याची नोकरी सोडून आली, ताई. तुमच्या भरवशावर आली.”

“मले माहीत हाय, बेटा.”

मीही पेटलो होतो. मी म्हणालो, चोरी त्यांनी केली, शिक्षा आपण का भोगायची? उलट तारीख मागे करणाऱ्यांची नावे शोधू, वर्तमानपत्रात देऊ. ताईंनी शांतपणे विचारले, “अन् नाव येईल या भीतीनं तो कपाट उघडून पाहीन का लपवीन?”

एवढ्यात नागपूरहूनच फोन आला. वितरकाच्या माणसाला कुठून तरी कुणकुण लागली होती. “मॅडम, इसमें बोलने जैसा क्या है? चुपचाप अगले अपडेट में ठीक कर दो. जो फुकट चला रहे हैं, वो आपके कस्टमर हैं ही नहीं.”

“कस्टमर माझे नाहीत,” ताई म्हणाल्या, “पण त्यांचे पेशंट आहेत ना!” आणि फोन ठेवला.

स्वाती रडत होती. रडता रडताच तिने आपल्या खुर्चीवर बसून कुलूप काढायला सुरुवात केली. त्या आठवड्यात तिने आणि ताईंनी नवी आवृत्ती तयार केली. खरेदीच्या बिलापेक्षा संगणकाची तारीख जुनी दिसली, तर सॉफ्टवेअर बंद पडत नसे. लाल अक्षरांत फक्त एक ओळ येई, ‘आधी आजची तारीख लावा’. बॅटरी मेलेल्यालाही तीच ओळ, आणि युक्ती करणाऱ्यालाही तीच. कोणालाही चोर म्हटलेले नव्हते.

जठारपेठेतल्या सभागृहात रविवारी गर्दी होती. जमाखर्च वाचून झाला होता आणि मागच्या अंगणातून रोडगे अन् वांग्याच्या भाजीचा वास येत होता. अध्यक्षांनी जेवणाआधी ताईंना वेळ दिला. मी माझे भाषण खिशात घेऊनच गेलो होतो. ताई म्हणाल्या, “आज तुमी बोलू नका. तुमी बोलले का लोक टाळ्या वाजवतीन अन् घरी जातीन.”

त्या उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता.

“औषधसाठा मी बनवला आहे. ज्या कॉम्प्युटरची तारीख मागं केलेली आहे, तिथं त्याची एक्स्पायरीची यादी खोटी येते. माझं सॉफ्टवेअर तिथं खोटं बोलते. परतवाड्याकडे एका लेकराला अशी पट्टी गेली. लेकरू बरं आहे. दुसरीकडं काय झालं असेल, मला माहीत नाही. तारीख कोणी मागं केली, ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. दुकानात जा. आधी आजची तारीख लावा. मग यादीवर भरवसा न ठेवता सारी कपाटं हातानं तपासा. काही विकलं गेलं असेल तर त्या गिऱ्हाइकाच्या घरी जा. या टेबलावर पेन ड्राइव्हमध्ये नवी आवृत्ती ठेवली आहे. तिला कुलूप नाही. आजपासून तारीख मागं करायची गरज कोणालाच पडणार नाही.”

पहिल्या रांगेतून मुरलीशेठ उठले. ते अकोल्यातले मोठे ठोक विक्रेते आणि आमचे सगळ्यात जुने पैसे भरणारे गिऱ्हाईक.

“कुंदाताई, एक मिनिट. आमी दरसाल पैसे भरतो. हे लोक चोरी करतात, अन् तुमी त्याइलेच कुलूप काढून देता? मंग आमी काय बेवकूफ हो?”

“बराबर बोलले शेठ!” मागून कोणीतरी ओरडले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तारीख मागे करणारे किती होते, देव जाणे!

“शेठ, तुमच्या पैशावर आमची चूल पेटते,” ताई म्हणाल्या. “ते मी कशी विसरीन? पण मले सांगा, तुमचा माल कुठकुठं जाते?”

“पार धारणीपर्यंत जाते.”

“त्यातल्या कोणत्या दुकानात आज आजची तारीख आहे?”

“थे मी कसं सांगू?”

“मलेही नाही सांगता येत. मागून मुदत गेलेला माल तुमच्याकडंच वापस येते, अन् मुदतीत आला नाही म्हणून भांडणंही तुमच्याच दुकानात होतात. सांगा, कुलूप ठेवू?”

मुरलीशेठ उभेच राहिले. आणि टेबलाकडे कोणीच येईना. येणार कसे? सगळ्यांच्या देखत नवी आवृत्ती उचलणे म्हणजे मीच तो, असे कबूल करणे होते. ताईंनी सांगितले, की पैसे भरलेल्यांनाही हीच आवृत्ती लागेल. तरी खुर्च्या हलल्या नाहीत. स्वाती माझ्या शेजारी होती. तिची नजर टेबलावरच होती. घर गहाण, करार बुडाल्यात जमा, आणि ज्यांच्यासाठी हे केले ती माणसे खाली माना घालून बसलेली. मला वाटले, हरलो.

तेवढ्यात मुरलीशेठच टेबलापाशी आले. त्यांनी एकच पेन ड्राइव्ह उचलला नाही. दोन्ही हातांनी ढीगच ओंजळीत घेतला.

“द्या इकडं,” ते करवादले. “मालाच्या खोक्यात टाकून देतो एकेक. कोन्या दुकानात मागची तारीख हाय अन् कोन्या नाई, मले काय करायचं! अन् कुंदाताई, माह्या रागाचं काई जमा-वजा करू नका. राग हायेच मले.”

“राहू द्या राग, शेठ. खोकी तेवढी आजच पाठवा.”

लोक हसले, खुर्च्या सरकल्या. जेवणाच्या रांगेतून जाता जाता माणसे टेबलाजवळून वाकडी वाट करून गेली. कोणी रुमालाखाली उचलून नेले, कोणी “पुतण्याला पाहिजे” म्हणून नेले. अशोकभाऊ मात्र सगळ्यांसमोर आले आणि मोठ्याने म्हणाले, “मले द्या. मी मागं केली होती.” त्यांच्या शेजारच्याने त्यांना कोपर मारले. “चूप राय नं बे!” अशोकभाऊ चूप राहिले नाहीत.

पुढच्या काही दिवसांत ठिकठिकाणच्या दुकानांतून कपाटे उपसल्याच्या बातम्या आल्या. माल वेगळा काढला गेला, काही गिऱ्हाइकांच्या घरी दुकानदार स्वतः जाऊन आले. वाईट बातमी एकही आली नाही. पण नागपूरचा करार गेला, आणि घर सोडवायला ताईंना तंत्रनिकेतनात पुन्हा सकाळचे तास घ्यावे लागले. स्वातीला त्या म्हणाल्या, “तू जा. इथं थांबून माह्यावर उपकार करू नको.” पुण्याच्या कंपनीकडे त्यांनी स्वतः तिची शिफारस केली आणि तिला गाडीत बसवायला गेल्या. गाडी सुटेपर्यंत दोघी स्टँडवर कसल्या तरी प्रोग्रॅममधल्या चुकीवरून वाद घालत होत्या. स्वाती गेली हे मला अजून सलते. चांगल्या कामाची किंमत कोणीतरी चुकवतेच, आणि त्या वेळी ती एका तरुण मुलीने चुकवली. ही गोष्ट या ग्रंथात नोंदली गेली पाहिजे.

मग लोकांनी पैसे दिले का? हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारतात. काहींनी दिले. कुलूप होते तेव्हापेक्षा कमी जणांनी दिले. मुरलीशेठ रागारागाने दरसाल देतात. काहींनी कुलूप निघाल्यावर पहिल्यांदा दिले. पुष्कळांनी कधीच दिले नाहीत आणि देणारही नाहीत. जे देतात त्यांच्यावर कंपनी तगून आहे, लहान आहे, आणि कोणाचा पगार चुकत नाही.

मी अजून म्हणतो, की माणसाला चिमटा बसल्याशिवाय तो पाकीट काढत नाही. ताई म्हणतात, “लोक सॉफ्टवेअरचे पैसे देतच नाहीत. फोन उचलणाऱ्याचे देतात.” आणि त्या फोन उचलतात. पैसे न देणाऱ्यांचेही. अशोकभाऊंनी आजतागायत एक रुपया दिलेला नाही आणि महिन्याकाठी त्यांची एक तरी तक्रार असते. रकाना लहान आहे, अक्षर बारीक आहे, छपाई तिरपी येते. एकदा मी चिडून म्हणालो, ताई, या माणसाला कशाला तोंड देता? त्या म्हणाल्या, “तो बोलते म्हणून मले कळते. जो गुपचूप वापरते, त्याची मले भीती वाटते.” त्यांच्या या उत्तराने माझा राग गेला नाही. पण अशोकभाऊंचा फोन आला की आता मीही आधी विचारतो, पडद्यावर तारीख कोणती आहे?

या गौरव समितीत औषधांची दुकाने चालवणारे पुष्कळ मित्र आहेत. हार, शाल, ग्रंथ, सगळा खर्च त्यांनी हौसेने उचलला आहे. त्यांच्यापैकी किती जण ‘औषधसाठा’ पैसे न भरता वापरतात, मला माहीत नाही. ताईंनाही माहीत नाही. ते कळण्याची सोयच त्यांनी ठेवली नाही. हे मी लिहिणार म्हटल्यावर त्या रागावल्या. “माह्या वाढदिवसाला वसुली करता का?” मी म्हणालो, ताई, वसुली नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्या तसबिरीला घातलेला हार सगळ्यात स्वस्त असतो. तो घालणाऱ्याला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. तुम्ही आमच्यासमोर उभ्या आहात. तुमच्या कामाचे मोल द्यायचे की नाही, हे आम्हाला तुमच्याकडे पाहत ठरवायचे आहे. ती संधी आम्हाला अजून आहे, हे आमचे भाग्य.

कुंदाताईंचे गुडघे आता कुरकुरतात, राजापेठेचा जिना त्यांना एका दमात चढवत नाही, आणि तरी फोन वाजला की सगळ्यांआधी त्याच पोचतात. परमेश्वराने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे. त्यांचे गुडघे शाबूत राहावेत, त्यांची नजर आणि कान तीक्ष्ण राहावेत, आणि माझ्याशी भांडण्याची त्यांची हौस कधी फिटू नये. आणि मित्रहो, त्यांच्या सत्काराला याल तेव्हा नमस्काराला वाकण्याआधी एकदा त्यांच्याकडे सरळ मान वर करून पाहा. ज्याला पाहता येईल, त्याने वाकावे. ज्याला येणार नाही, त्याच्यावरही त्या रागावणार नाहीत. पण मी दारातच उभा आहे.